हेक्टर मोजले, पाणी कोण बघणार?

मनाली मागे टाकून स्पितीच्या वाटेला लागलं की बातलला चहाचे ढाबे लागतात. शेजारून चंद्रा नदी वाहते. तिचं पाणी पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास म्हणतो, वरती कुठे बांधकाम चालू आहे वाटतं. सिमेंट कालवून सोडून दिल्यासारखा राखाडी, दुधट रंग. मी बाटली भरून घेतली तेव्हा ढाब्यावरचा म्हातारा म्हणाला, "इसको बैठने दो, फिर देखना." बाटली रात्रभर तंबूच्या कोपऱ्यात ठेवली. सकाळी वरचं पाणी बरंच निवळलं होतं, पण पुरतं नाही, आणि तळाशी नखाच्या जाडीचा करडा थर बसला होता. तो चिमटीत घेऊन चोळला. वाळू म्हणावी तर दाणा लागत नव्हता. भाकरीच्या पिठाहून बारीक, जवळजवळ मैदा.

ते पीठच असतं. हिमनदी एका जागी बसून राहत नाही. स्वतःच्या वजनाने ती उताराकडे सरकत असते आणि तिच्या पोटात अडकलेले धोंडे खालच्या कातळावर घासत जातात. वरचा दगड फिरता, खालचा स्थिर. आपल्या आज्या पहाटे ज्यावर ओव्या म्हणत त्या जात्याचीच ही रीत, फक्त दळायला धान्याऐवजी डोंगर आहे. या दळणाचे सर्वांत बारीक कण पाण्यात बसायलाच तयार नसतात. ते तरंगत राहतात, त्यांच्यावर पडणारा उजेड विखुरतो, आणि हिमनदीच्या पायथ्याच्या तळ्यांना तो फिरोजी रंग येतो, ज्याच्या फोटोखाली आपण 'फिल्टर लावलेला नाही' असं मुद्दाम लिहितो.

दुसऱ्या दिवशी चंद्रताल. सव्वाचार हजार मीटर उंचीवरचं तळं, काठाशी उभं राहिलं की तळातला दगडन्‌दगड मोजावा इतकं नितळ. त्याच्यात एकही हिमनदी सरळ येऊन पडत नाही. पाणी मुख्यतः जमिनीखालून झिरपत येतं. तिथून एका दिवसाच्या चालीवर समुद्र टापू हिमनदी आहे आणि तिच्या तोंडाशी साचलेलं तळं ताकासारखं आहे. खोरं तेच, ऊन तेच, हिवाळा तितकाच कडक. पण या दोन पाण्यांत जगणारे जीव एकमेकांच्या घरी पाहुणे म्हणूनसुद्धा टिकणार नाहीत.

हिमनदी मागे मागे सरकत गेली की ताकाचं तळं हळूहळू चंद्रतालसारखं होत जातं. जगभरच्या डोंगरांत हे चालू आहे, हिमालयात तर वेगाने. माझी तक्रार अशी आहे की या एवढ्या मोठ्या बदलाबद्दल आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो: तळं फुटणार का?

प्रश्न चुकीचा नाही. १६-१७ जून २०१३ ला केदारनाथच्या वरचा चोराबाडी ताल फुटला. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथे विसर्जित केला होता म्हणून त्याला गांधी सरोवरही म्हणत. त्या दिवसांच्या पुरात हजारो माणसं गेली, त्यांत महाराष्ट्रातून गेलेले यात्रेकरूही होते. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममधल्या दक्षिण ल्होनाक तळ्यात काठाचा हिमोढ, म्हणजे हिमनदीने लोटून आणलेल्या दगडमातीचा बांध, कोसळला. त्या लाटेने तळं फुटलं आणि चुंगथांगचं १२०० मेगावॅटच्या तिस्ता-३ प्रकल्पाचं धरण वाहून गेलं. हे ज्यांनी पाहिलं त्यांना 'तळ्यातल्या प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचं काय' असं विचारायला गेलात तर ते तुमच्याकडे कसे बघतील, हे मला कळतं.

तरीही विचारतो, कारण भीती हीच आपली नजर झाली आहे. एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने उपग्रहचित्रांवरून केलेला अभ्यास जाहीर केला. हिमालयातल्या नद्यांच्या खोऱ्यांत १० हेक्टरांहून मोठी २,४३१ तळी. त्यांपैकी ६७६ तळी १९८४ पासून लक्षणीय वाढली. ६०१ तळी तर दुपटीहून मोठी झाली. वाढलेल्यांपैकी १३० भारतात. अटल बोगद्यातून पलीकडे निघालं की सिस्सू लागतं. आता तिथे आपल्याकडच्या सहलींच्या बसही थांबतात. त्या सिस्सूच्या वरच्या अंगाला गेपांग घाट नावाचं तळं आहे. ते १९८९ मध्ये ३६.४९ हेक्टर होतं, २०२२ मध्ये १०१.३० हेक्टर झालं. वर्तमानपत्रांनी हे आकडे छापले, मथळ्यात 'टाइम बॉम्ब' लिहिलं आणि विषय संपला. एखाद्या गावची माणसं मोजावीत आणि ती खातात काय, करतात काय, आजारी आहेत का, हे कुणी विचारूच नये, तसं झालं.

आपल्याला तळ्यातलं जीवन दिसतच नाही असं नाही. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा टाळेबंदीत घरी बसलेल्या अख्ख्या महाराष्ट्राने ते फोटो एकमेकांना पाठवले. कुणी चमत्कार म्हणालं, कुणी अशुभ. वनखात्याने पाण्याचे नमुने प्रयोगशाळांकडे धाडले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली आणि उत्तर मिळालं: पाणी घटलं, खारटपणा वाढला, म्हणून मीठ आवडणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले आणि त्यांच्या रंगद्रव्याने तळं रंगलं. तळ्याने रंग बदलून निरोप दिला आणि आपण तो वाचला. हिमालयातली तळीही रंग बदलून निरोपच देत आहेत. एका रात्रीत देत नाहीत, तीस-चाळीस वर्षं घेतात, आणि दुधीचा निळा होणं हे बघणाऱ्याला बिघाड वाटत नाही, उलट तळं सुधारल्यासारखंच वाटतं.

आता आत काय चालतं ते बघू.

दुधट तळ्यात उजेड खोल जात नाही. पाण्यात तरंगणारं शेवाळ, म्हणजे वनस्पतिप्लवक, उजेडावर जगतं, त्यामुळे ते वरच्या थोड्या थरातच भागवून घेतं. ते थोडं, म्हणून त्यावर जगणारे प्राणीही थोडे. डॅफ्निया नावाचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा प्राणी घ्या. जगभरच्या गोड्या तळ्यांत हा शेवाळ फस्त करणारा मुख्य खाणारा. त्याच्या पायांवर बारीक केसांच्या चाळण्या असतात. तो पाणी चाळतो आणि जे अडकेल ते खातो, निवड फारशी करत नाही. हिमनदीच्या तळ्यात त्याच्या चाळणीत काय अडकणार? पीठच. पोट दगडाच्या भुकटीने भरतं आणि उपाशी मरण्याची वेळ येते. म्हणून अशा तळ्यांत डॅफ्निया नसतो. असतात ते रोटिफर नावाचे त्याहून बारीक जीव, आणि निवडून खाणारे काही कोपेपॉड, म्हणजे झिंग्यांच्या कुळातले चिमुकले प्राणी. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात फासेलफाड नावाचा तळ्यांचा पुंजका आहे. एकाच डोंगरकुशीत काही तळी अजून हिमनदीचं पाणी पितात, काहींचा तिच्याशी संबंध सुटला आहे. इन्सब्रुक विद्यापीठाच्या रुबेन सोमारुगा यांच्या गटाने तिथे वर्षानुवर्षं काम केलं आहे. अशा शेजारच्या तळ्यांत बदलाचे टप्पे एकाच वेळी ओळीने मांडलेले दिसतात. कालचं, आजचं आणि उद्याचं तळं एका दिवसात पायी फिरून बघता येतं.

दुधट पाण्याची एक बाजू आपल्या लक्षात येत नाही. ते पीठ छत्रीसारखं काम करतं. चार-साडेचार हजार मीटरवर अतिनील किरणांचा मारा मैदानापेक्षा कितीतरी जास्त असतो. गढूळ तळ्यातल्या जीवांना ते पीठ झाकून ठेवतं. पाणी निवळलं की छत्री मिटली. मग जगायचं तर अंगात रंग भरावा लागतो. उंचावरच्या नितळ तळ्यांतले कोपेपॉड कधी कधी लालबुंद दिसतात, भिंगातून बघितलं तर कुंकवाच्या ठिपक्यासारखे. गाजराला रंग देणाऱ्या रंगद्रव्याच्या जातकुळीतलंच ते द्रव्य. उन्हापासून वाचवतं, पण त्याची किंमत असते: लाल जीव माशाला लांबून दिसतो. तळ्यात मासा नसेल तोवर हा सौदा फायद्याचा.

आणि इथेच माणूस मधे येतो. हिमालयातली बरीच उंच तळी मुळात माशांविना होती. सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रज साहेबांनी गळ टाकायच्या हौसेपायी ट्राउट आणला. आज काश्मीरच्या गंगाबल, विशनसर, कृष्णसरला आणि उत्तरकाशीच्या दोडीतालला ट्राउट हे पर्यटकांचं आकर्षण आहे. काठावर तंबू ठोकून गळ टाकणाऱ्यांत मराठीही कानावर पडतं. अमेरिकेत सिएरा नेवाडाच्या तळ्यांत सोडलेल्या ट्राउटने मोठे प्लवक आणि बेडूक कसे साफ केले, याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. तळी निवळतील, थोडी कोमट होतील, तसतशी 'इथे मत्स्यबीज सोडा, स्थानिकांना रोजगार मिळेल' ही मागणी येईल. ती मागणी करणाऱ्या माणसाला मी खलनायक म्हणणार नाही, त्याचं गाव सहा महिने बर्फाखाली असतं. पण नुकतंच आकाराला येत असलेलं तळं, ज्यात कोण राहायला येणार हे अजून ठरायचं आहे, त्यात आधीच बोका सोडणं शहाणपणाचं नाही, एवढं तरी सरकारी योजना आखताना कुणीतरी बोललं पाहिजे.

तापमानाचंही सरळसोट नाही. हवा तापली म्हणजे तळं तापलं, असं वाटतं. पण हिमनदी जोरात वितळत असेल तर ती तळ्यात सतत बर्फगार पाणी ओतत असते, म्हणजे तळ्याचा वातानुकूलक चालूच. शिवाय ते गढूळ, गार, जड पाणी तळ्याच्या उतारावरून खाली बुडी मारतं आणि सोबत ऑक्सिजन घेऊन तळापर्यंत जातं. हिमनदी आटली की हे बंद. वरचा थर उन्हाने तापतो, खालचा गार राहतो, दोघांची गाठ पडत नाही, आणि तळाचा ऑक्सिजन हळूहळू संपत जातो. म्हणजे हिमनदी असताना तळ्यावर जो परिणाम होतो आणि ती गेल्यावर जो होतो, ते एकाच दिशेचे नसतात. आधी पाणी वाढतं, मग घटतं. आधी गढूळ होतं, मग निवळतं. 'हवामानबदलामुळे तळी वाढतात' हे वाक्य आज बहुतेक ठिकाणी खरं आहे आणि आपल्या नातवंडांच्या वेळी बहुतेक ठिकाणी खोटं असेल.

हा बदल किती झपाट्याने होऊ शकतो ते कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला, एल्समीअर बेटावरच्या हेझन तळ्यात दिसलं. साडेपाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं, अडीचशे मीटरहून खोल तळं. इतकं मोठं पाणी एकदम हलणार नाही असं कुणालाही वाटावं. उन्हाळ्याचं तापमान जेमतेम एका अंशाने वाढलं आणि हिमनद्यांकडून येणारं पाणी सुमारे दहापट झालं. सोबत गाळ आला, सेंद्रिय कार्बन आला, जुनी प्रदूषकं आली. तळ्यातल्या शेवाळाच्या जाती बदलल्या आणि तिथल्या 'आर्क्टिक चार' नावाच्या माशाची तब्येत उतरली, म्हणजे लांबीच्या मानाने वजन कमी भरायला लागलं. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ते इतक्या ठामपणे सांगता आलं याचं कारण, त्या तळ्याच्या आधीच्या नोंदी होत्या आणि तळच्या गाळात जुना हिशेब शाबूत होता.

'जुनी प्रदूषकं' हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. स्वित्झर्लंडमध्ये ओबरार नावाचा जलाशय आहे, १९५३ साली धरण बांधून झालेला, हिमनदीच्या पाण्यावर भरणारा. त्याच्या गाळाचा उभा नमुना काढला तर त्यात डीडीटीसारख्या रसायनांचा इतिहास थराथराने सापडला. साठ-सत्तरच्या दशकांत भरपूर, बंदीनंतर घट, हे अपेक्षितच होतं. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुन्हा चढ. त्या वेळी तिथे कुणीही डीडीटी वापरत नव्हतं. पूर्वी हवेतून येऊन बर्फात पुरलं गेलेलं विष हिमनदी परत करत होती. इटलीच्या दक्षिण टिरोलमधल्या रासास तळ्यात आणखी वेगळा प्रकार झाला. दगडांच्या पोटातला बर्फ वितळल्यामुळे दोन दशकांत त्या पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांची खूण, १८ पटींनी वाढली आणि निकेलचं प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या दहापटीहूनही वर गेलं. आजूबाजूला एक कारखाना नाही. डोंगरमाथ्यावरचं काचेसारखं पाणी, आणि पिण्यालायक नाही.

आपल्या देशात डीडीटीवर शेतीसाठी १९८९ मध्ये बंदी आली, पण हिवताप आणि काळा आजार आटोक्यात ठेवण्यासाठी ते पुढेही फवारलं गेलं. गंगेच्या मैदानातली हवा जाऊन थडकते ती हिमालयावरच. तिथल्या बर्फाने काय काय साठवून ठेवलं आहे आणि तो ते कोणत्या तळ्यात सोडणार आहे, हे जाणण्यात दिल्लीपासून कोलकात्यापर्यंत प्रत्येकाचा स्वार्थ आहे. रोटिफरची ज्यांना किळस येते त्यांनी निदान निकेलकडे बघावं.

माझ्या एका मित्राने यावर सरळ विचारलं, "अरे, दुधट तळ्यात मूठभर जाती, निवळल्यावर जास्त. मग जैवविविधता वाढलीच की! रडतोस कशाला?" मुद्दा बिनतोड वाटतो आणि अर्धा खराही आहे. तळं निवळलं की त्या तळ्यातल्या जाती वाढतात. पण येणारे जीव सगळीकडे सापडणारे असतात. जाणारे जे असतात ते फक्त तिथेच जगू शकणारे. अमेरिकेच्या मोंटानात हिमनदीच्या गार पाण्याच्या ओढ्यांत 'लेडनिया टुमाना' नावाची एक अश्ममक्षी, म्हणजे पाण्यातल्या दगडांमध्ये वाढणारा कीटक, राहते. २०१९ मध्ये तिला तिथल्या कायद्याने संकटग्रस्त ठरवलं, कारण पाणी तापलं तर तिला वर सरकायला डोंगरच उरत नाही. दर गल्लीत तेच तेच पाच चिनी-पंजाबी गाडे आले आणि गावचा एकमेव खानावळवाला गेला, तर 'खाण्याचे पर्याय वाढले' असं हिशेबात दिसतं. मित्राला हे पटलं नाही. तो म्हणाला, खानावळवाल्याने बदलायला हवं होतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, अश्ममक्षीकडेही नसावं.

मराठी माणसाचा या सगळ्याशी पक्ष्यांमार्फतही संबंध येतो. लडाखमधलं त्सो मोरिरी २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस तिथे उन्हाळ्यात घरटी करतो, आणि हिवाळ्यात हेच हंस हिमालय ओलांडून खाली उतरतात. उजनीच्या फुगवट्यावर, विदर्भातल्या तलावांवर जानेवारीत त्यांचे थवे दिसतात. रात्री हरभऱ्यात उतरले म्हणून शेतकऱ्याच्या शिव्याही खातात. त्सो मोरिरीतून पाणी बाहेर जायला वाट नाही. येतं ते साठतं आणि उन्हाने उडतं. अशा तळ्यात हिमनद्यांचं पाणी वाढलं की पातळी चढते आणि खारटपणा उतरतो. पुढे हिमनद्या थकल्या की उलट. घरटी असतात ती कोल्ह्या-कुत्र्यांपासून सुटका म्हणून पाण्यातल्या सपाट, बुटक्या बेटांवर. पातळी हातभर चढली तरी असं बेट राहत नाही, आणि हातभर उतरली तर कुत्रा चालत जातो. कुत्र्यांचं हे कल्पनेने लिहिलेलं नाही. लष्करी तळ आणि पर्यटकांच्या छावण्यांच्या उकिरड्यावर वाढलेली भटकी कुत्री लडाखमध्ये काळ्या मानेच्या क्रौंचांची अंडी-पिल्लं खातात, ही तिथली मोठी डोकेदुखी आहे. त्या उकिरड्यात आपल्या बाइकवाल्या मंडळींच्या नूडल्सच्या वाट्याही आहेतच.

आता कायद्याकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे.

२०१० च्या पाणथळ जागांविषयीच्या केंद्रीय नियमांत एक साधं कलम होतं: समुद्रसपाटीपासून २,५०० मीटर वा त्याहून उंचावरची, ५ हेक्टर किंवा त्याहून मोठी पाणथळ जागा संरक्षणाच्या कक्षेत. उंची आणि क्षेत्रफळ, दोनच अटी. २०१७ मध्ये नवे नियम आले आणि ते कलम गेलं. आता संरक्षण मिळतं ते रामसर यादीतल्या जागांना, आणि राज्य सरकार किंवा केंद्र ज्या जागांची रीतसर अधिसूचना काढेल त्यांना. अधिसूचना काढायची म्हणजे हद्द आखा, दस्तऐवज तयार करा, हरकती मागवा. महाराष्ट्रात गावाशेजारच्या तलावांचं हे काम किती वर्षं रखडतं हे आपण बघतो आहोत. मग पाच हजार मीटरवरच्या, नावही नसलेल्या, दर दहा वर्षांनी आकार बदलणाऱ्या तळ्याची हद्द कोण आखणार? जुन्या कलमाची गंमत हीच होती की तळं जन्माला येऊन ५ हेक्टरांचं झालं की ते कायद्याच्या व्याख्येत बसत असे. नव्याने जन्मणाऱ्या तळ्यांसाठी याहून बरा नियम सुचत नाही. तो परत आणा, ही मागणी करायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. जुलै २०२४ मध्ये केंद्राने हिमतळी फुटण्याचा धोका कमी करण्यासाठी अरुणाचल, सिक्कीम, उत्तराखंड आणि हिमाचल या चार राज्यांकरता १५० कोटींचा कार्यक्रम मंजूर केला. पथकं वर चढतात, तळ्यांची खोली मोजतात, बांधाची ताकद तपासतात, इशारा देणारी यंत्रं बसवायची जागा ठरवतात. उत्तम. हे आधीच व्हायला हवं होतं. पण खेचरांवर सामान लादून, आठवडाभर चालून, श्वास लागेपर्यंत चढून माणसं तळ्याच्या मधोमध बोट घेऊन जातात आणि पाणी किती आहे एवढंच बघून परत येतात, हे मला पटत नाही. गोव्यात वास्कोला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने २०१६ पासून याच चंद्रा खोऱ्यात, चार हजार मीटरहून उंचावर, 'हिमांश' हे ठाणं चालवलं आहे. हिमनद्यांचं वजन किती घटलं याचा हिशेब तिथे ठेवला जातो. ठाणं आहे, माणसं आहेत, वाट पायाखालची आहे. शेजारच्या दोन-चार तळ्यांतलं पाणी दर मोसमात नेमाने तपासून ते आकडे लोकांसमोर ठेवण्याइतकी तयारी आपल्याकडे आजच आहे.

उपग्रहालाही याहून जास्त दिसतं. युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी, १० मीटरच्या बारकाव्याने. ज्या चित्रातून तळ्याची कड आखून हेक्टर काढतात, त्याच चित्रात पाण्याचा रंगही असतो आणि रंगावरून गढूळपणाचा अंदाज बांधता येतो. रोटिफर दिसणार नाही, पण तळं दुधी कधी होतं, फिरोजी कधी झालं आणि निळं व्हायला कधी लागलं, याची तारीखवार नोंद खुर्चीत बसून होईल. क्षेत्रफळाच्या रकान्याशेजारी रंगाचा एक रकाना वाढवायचा, इतकंच.

याला घाई का, तर पहिली नोंद पुन्हा घेता येत नाही म्हणून. गेपांग घाट आज दुधट आहे. पन्नास वर्षांनी तो निवळला आणि त्यात काही बिघडलं तर 'पूर्वी इथे काय होतं' याचं उत्तर पूर्वीच लिहून ठेवलेलं असावं लागेल. शिवाय धोका कमी करण्याचे उपायसुद्धा तळ्याच्या अंगावरच होतात. दक्षिण ल्होनाकमध्ये २०१६ मध्ये पाइप टाकून पाणी उपसलं होतं. नेपाळमध्ये त्याच वर्षी इम्जा तळ्याची पातळी चर खोदून तीन मीटरहून जास्त उतरवली. माणसं वाचवायची तर हे करावंच लागेल, त्यात दुमत नाही. पण शस्त्रक्रियेआधी रोग्याचं रक्त तपासतात, आणि त्याला कुणी चैन म्हणत नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये एखादं पथक खोली मोजायला पुन्हा बोट वर चढवेल. त्या बोटीत अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या, प्लवक गोळा करायचं एक बारीक जाळं आणि नमुना टिकवायला लुगॉल आयोडीनची कुपी, एवढं सहज मावतं. परतीच्या वाटेवर, पाण्यासकट, वजन तीन किलोंच्या आसपास.